गुन्हा ज्याचा, शिक्षा त्यालाच

हजरत अली (रजि.) यांच्या शहादतदिनानिमित्त

वीस रोजे पूर्ण झाले की रमजानचा तिसरा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस सुरू होतात. एतेकाफला बसणारी मंडळी अंथरूण-पांघरूण घेऊन मशिदीत मुक्कामाला येतात. शब-ए-कद्रच्या शोधात रात्री जागवल्या जातात. या अशऱ्याच्या पहिल्याच तारखेला इस्लामी इतिहासातल्या एका मोठ्या दुःखाची आठवण जोडलेली आहे. हिजरी ४० च्या २१ रमजानला, म्हणजे इ.स. ६६१ च्या जानेवारीअखेरीस, चौथे खलिफा हजरत अली (रजि.) यांचे इराकमधील कुफा शहरात निधन झाले. दोन दिवस आधी, पहाटेच्या नमाजच्या वेळी, त्यांच्या डोक्यावर तलवारीचा वार झाला होता.

आपल्या गावांत मोहरमचे पंजे बसतात, ताबूत उठतात, त्यांना अठरापगड जातींची माणसे खांदा देतात. त्यामुळे हसन-हुसैन ही नावे मराठी माणसाच्या कानाला परकी नाहीत. त्यांचे वडील मात्र बहुतेकांना ठाऊक असतात ते रणांगणावरचे वीर म्हणून, शेर-ए-खुदा म्हणून. ते वीर होतेच. पण त्यांच्या आयुष्याचा आणखी एक भाग आहे आणि तो कोणत्याही धर्माच्या माणसाने वाचावा असा आहे. आपल्याच माणसांत यादवी पेटलेली असताना दोषी कोणाला म्हणायचे, निर्दोष कोणाला, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने सूड घेताना कुठे थांबायचे, हे प्रश्न त्यांच्यापुढे राज्यकारभाराची जवळपास पाच वर्षे रोज उभे होते.

शत्रूंच्या ठेवी

अलींचा जन्म मक्केत, इ.स. ६०० च्या सुमारास झाला. वडील अबू तालिब हे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चुलते. दुष्काळात अबू तालिबांचा संसार ओढगस्तीला आला तेव्हा लहानग्या अलींना प्रेषितांनी आपल्या घरी आणले. तिथेच ते वाढले आणि इस्लाम स्वीकारणाऱ्या अगदी पहिल्या काही जणांत त्यांची गणना झाली.

इ.स. ६२२ मध्ये मक्केतल्या सरदारांनी प्रेषितांच्या खुनाचा कट केला. त्या रात्री प्रेषित मदिनेकडे निघाले आणि त्यांच्या अंथरुणावर अली झोपले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांनी मागे राहण्याचे आणखी एक कारण होते. मक्केतले लोक, त्यांत विरोधकही आले, आपल्या मौल्यवान वस्तू प्रेषितांकडे ठेव म्हणून ठेवत. घराला वेढा पडलेला असतानाही त्या ठेवी बुडवायच्या नाहीत, ज्याची त्याला परत करायची, असे ठरले होते. अली काही दिवस मक्केत थांबले, एकेक अमानत ज्याच्या त्याच्या हाती दिली आणि मग मदिनेची वाट धरली. जिवावर उठलेल्या जमातीतल्या माणसाचाही मालमत्तेवरचा हक्क शाबूत राहतो, हा धडा त्यांना विशी-बाविशीतच मिळाला होता.

काझी अली

मदिनेत त्यांचा विवाह प्रेषितकन्या हजरत फातिमा (रजि.) यांच्याशी झाला. बद्रपासून अनेक लढायांत त्यांनी नाव कमावले. पुढे प्रेषितांनी त्यांना काझी म्हणून येमेनला पाठवले. आपले वय लहान, अनुभव थोडा, म्हणून ते कचरत होते. तेव्हा प्रेषितांनी त्यांना एक नियम सांगितला. एका पक्षाचे ऐकून निकाल द्यायचा नाही, दुसऱ्याचेही तितकेच ऐकायचे. आज जगभरच्या न्यायालयांत हे तत्त्व पायाभूत मानले जाते.

दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्या काळात अवघड खटले अलींच्या सल्ल्यासाठी येत. एका वेडसर स्त्रीला व्यभिचाराच्या आरोपाखाली शिक्षेसाठी नेले जात होते. वाटेत अलींनी तिला थांबवले, परत आणले आणि उमरना प्रेषितांच्या शिकवणीची आठवण करून दिली. झोपेतला माणूस, अजाण मूल आणि बुद्धी भ्रमिष्ट झालेली व्यक्ती यांच्या नावावर गुन्हा लिहिला जात नाही. उमरनी शिक्षा तत्काळ रद्द केली. कृती घडली म्हणून माणूस दोषी ठरत नाही, त्या कृतीमागे समज असावी लागते. हे आज आपल्याला कायद्याच्या पुस्तकात वाचायला मिळते. तेव्हा एका असहाय बाईचा जीव त्यावर अवलंबून होता.

आणखी एक खटला इब्न कय्यिम या चौदाव्या शतकातल्या विद्वानाने न्यायपद्धतीवरील आपल्या ग्रंथात दिला आहे. एका पडक्या जागेत एक माणूस मरून पडला होता. त्याच्याजवळ रक्ताळलेली सुरी हातात घेतलेला दुसरा माणूस गस्तीवाल्यांना सापडला. त्याने खुनाची कबुली दिली. शिक्षा ठरली. एवढ्यात तिसरा एक माणूस धावत आला आणि खून आपण केल्याचे सांगू लागला. अलींनी पहिल्याला विचारले, मग तू कबूल का झालास? तो खाटीक होता. जनावर कापून, हातातली सुरी तशीच घेऊन तो लघवीला त्या पडक्या जागेत शिरला आणि प्रेत पाहून थिजला. एवढा पुरावा अंगावर असताना आपले कोण ऐकणार, या हताशेने त्याने गुन्हा पत्करला होता. खऱ्या मारेकऱ्याने पैशाच्या लोभाने खून केला होता, पण आपल्यापायी दुसरा निरपराध जीव जातो आहे हे त्याला सोसवले नाही. अलींनी पुत्र हसन यांचे मत घेतले. या माणसाने एक जीव घेतला खरा, पण एक वाचवलाही, असे हसन यांनी कुरआनच्या आधारे मांडले. दोघांनाही सोडण्यात आले आणि मृताच्या वारसांना रक्तमूल्य सरकारी तिजोरीतून, म्हणजे बैतुलमालमधून दिले गेले.

या निकालावर कायद्याचे विद्यार्थी वाद घालू शकतील. पण त्या खाटकाची हताशा आपल्याला चांगली ओळखीची आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून धरू नये, असे आपल्या देशातला पुराव्याचा कायदाही सांगतो, तो याच भीतीपोटी.

खलिफांचा खून आणि गर्दीतले मारेकरी

हिजरी ३५ मध्ये, इ.स. ६५६ च्या जूनमध्ये, तिसरे खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांच्या घराला बंडखोरांनी वेढा घातला. अलींनी आपल्या मुलांना दारावर राखणीला पाठवले होते. तरीही काही जण आत घुसले आणि कुरआन वाचत बसलेल्या वृद्ध खलिफांची हत्या झाली. शोक आणि संताप सगळीकडे पसरला. अशा स्थितीत मदिनेच्या लोकांनी अलींच्या हाती खिलाफत सोपवली.

पहिली मागणी अर्थातच उस्मान यांच्या रक्ताच्या न्यायाची, म्हणजे किसासची होती. ती रास्त होती आणि अलींनाही ती मान्य होती. अडचण वेगळी होती. बंडखोर हजारोंच्या संख्येने होते, शहरावर त्यांचाच ताबा होता आणि प्रत्यक्ष वार करणारे हात मोजकेच होते. ते हात कोणाचे, हे वारसांनी रीतसर दावा दाखल करून पुराव्यानिशी सिद्ध व्हायला हवे होते. आधी शांतता, मग खटला, हा अलींचा क्रम होता. आधी मारेकरी, मग बाकीचे, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते. त्या बाजूला प्रेषितपत्नी हजरत आयेशा (रजि.), हजरत तल्हा आणि हजरत जुबैर यांच्यासारखी आदरणीय माणसे होती. सीरियाचे सुभेदार अमीर मुआविया हे तर उस्मान यांचे नातलगच. या काळाकडे पाहण्याची सुन्नी आणि शिया परंपरांची दृष्टी वेगवेगळी आहे, पण न्यायाच्या मागणीतूनच यादवी पेटली, एवढे दोन्हीकडचे इतिहासकार सांगतात.

जमलनंतरची बसरा

हिजरी ३६ मध्ये बसऱ्याजवळ दोन्ही सैन्ये भिडली. आयेशा ज्या उंटावर होत्या त्यावरून या लढाईला जमल, म्हणजे उंटाची लढाई म्हणतात. हजारो माणसे मेली आणि अलींचा विजय झाला.

विजयाच्या आधी आणि नंतर अलींनी सैन्याला दिलेले आदेश इतिहासात नोंदले गेले आहेत. पळणाऱ्याचा पाठलाग करायचा नाही. जखमीला ठार करायचे नाही. शस्त्र टाकले त्याला अभय, घराचे दार लावून बसला त्यालाही अभय. स्त्रियांना हात लावायचा नाही, त्यांनी शिव्या दिल्या तरीही नाही. रणांगणावर लढाईसाठी आणलेल्या शस्त्रांपलीकडे कोणाच्या मालाला लूट म्हणायचे नाही. सैनिक कुरकुरले. ज्यांचे रक्त सांडणे चालले, त्यांचा माल कसा चालत नाही, असा त्यांचा सवाल होता. तेव्हा अलींनी उलट विचारले की, बंदी वाटून घ्यायचे ठरले तर तुमची आई असलेल्या आयेशांना आपल्या वाट्याला कोण घेणार? सगळे गप्प झाले.

लढाईत मागे राहिलेल्या वस्तू बसऱ्याच्या मशिदीत आणून ठेवल्या गेल्या आणि ज्याने त्याने आपली वस्तू ओळखून न्यावी अशी दवंडी दिली गेली. दोन्ही बाजूंच्या मृतांची जनाजाची नमाज अलींनी अदा केली. तल्हा यांचे प्रेत दिसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची धूळ पुसताना त्यांना रडू आवरले नाही. जुबैर लढाई सोडून निघून गेले होते, वाटेत एकाने त्यांना गाठून मारले. बक्षिसाच्या आशेने तो माणूस अलींकडे आला. त्याला बक्षीस तर नाहीच, नरकाची बातमी ऐकून परतावे लागले. आयेशांना त्यांचे बंधू मुहम्मद बिन अबू बकर यांच्या सोबतीने सन्मानपूर्वक रवाना करण्यात आले.

नदीचे पाणी आणि झाडाखालचा खजूर

पुढच्याच वर्षी, इ.स. ६५७ मध्ये, फुरात नदीकाठी सिफ्फीन येथे मुआविया यांच्या सैन्याशी सामना झाला. आधी पोहोचलेल्या सीरियन फौजेने नदीचा घाट अडवून अलींच्या सैन्याचे पाणी तोडले. अलींच्या माणसांनी तो घाट जिंकून घेतल्यावर आता त्यांनाही तहानलेले ठेवावे, असा आग्रह झाला. अलींनी तो मानला नाही. पाणी दोघांनाही मोकळे झाले.

ही लढाई अखेर लवादावर येऊन थांबली. हा लवाद स्वीकारला म्हणून अलींच्याच सैन्यातला एक गट फुटला. निर्णय फक्त अल्लाहचा, माणसाला पंच नेमणे म्हणजे धर्मद्रोह, असे त्यांचे म्हणणे. हेच खारिजी. ते भर मशिदीत अलींच्या विरोधात घोषणा देत, त्यांना काफिर ठरवत. तरीही अलींनी त्यांना तीन गोष्टींची हमी दिली. मशिदीत यायला बंदी नाही, तिजोरीतला हिस्सा थांबणार नाही आणि ते हात उगारत नाहीत तोवर त्यांच्यावर हल्ला नाही. विचार कितीही कडवा असला तरी केवळ विचारासाठी शिक्षा नाही, असा त्याचा अर्थ.

पण तो हात उगारला गेला. खारिजींच्या एका टोळीला वाटेत अब्दुल्लाह बिन खब्बाब हे गृहस्थ गरोदर पत्नीसह भेटले. या टोळीची धर्मनिष्ठा अशी की, त्यांच्यातल्या एकाने झाडाखाली पडलेला खजूर तोंडात टाकला तेव्हा दुसऱ्याने तो थुंकायला लावला, कारण मोबदला दिला नव्हता. एका बिगरमुस्लिम शेजाऱ्याचे डुक्कर मारले गेले, तर मालकाला गाठून त्याची भरपाई केली. आणि त्याच माणसांनी अब्दुल्लाह आणि त्यांच्या पत्नीला कापून काढले, कारण अब्दुल्लाह अलींना काफिर म्हणायला तयार नव्हते.

तरीही अलींनी सरसकट कारवाई केली नाही. फक्त मारेकरी स्वाधीन करा, बाकीच्यांशी आमचे भांडण नाही, असा निरोप पाठवला. उत्तर आले की, आम्ही सगळ्यांनी मिळून मारले. तेव्हा नहरवानला, हिजरी ३८ मध्ये, सैन्य समोरासमोर आले. लढाईआधी ज्येष्ठ सहाबी अबू अय्यूब अन्सारी यांच्या हाती अभयाचे निशाण देण्यात आले. त्याखाली येईल किंवा घरी जाईल तो सुरक्षित. तबरी या इतिहासकाराच्या नोंदीनुसार चार हजारांपैकी सुमारे बाराशे माणसे अशी बाजूला झाली. उरलेल्यांतले बहुतेक मारले गेले. जखमी सापडले ते त्यांच्या कबिल्यांकडे सोपवले गेले. या लोकांना काय म्हणावे, असे विचारल्यावर अलींनी त्यांना काफिर म्हणायला नकार दिला. त्यांच्या लेखी ते बंड करून उठलेले भाऊ होते.

चिलखताचा दावा

याच कुफ्यातली एक कथा प्रत्येक मदरशात सांगितली जाते. अलींचे हरवलेले चिलखत एका यहुदी माणसाकडे दिसले. काही ठिकाणी तो ख्रिस्ती असल्याचे म्हटले आहे. खलिफांनी ते हिसकावून घेतले नाही, काझी शुरैह यांच्याकडे फिर्याद केली. साक्षीदार म्हणून पुत्र हसन आणि मुक्त केलेला गुलाम कंबर यांची नावे दिली. बापासाठी मुलाची साक्ष चालत नाही, असे म्हणून काझींनी दावा फेटाळला. खलिफांनी नेमलेला काझी खलिफांविरुद्ध निकाल देतो, हे पाहून तो माणूस हेलावला आणि चिलखत अलींचेच असल्याचे त्याने सांगून टाकले. या रिवायतीची सनद काही विद्वान कमकुवत मानतात. पण तेरा शतके मुस्लिम समाजाने ती जपली, याचा अर्थ चांगला राज्यकर्ता कोर्टात कसा दिसावा याची या समाजाची कल्पना काय होती, ते त्यातून कळते.

इजिप्तचे सुभेदार म्हणून नेमलेल्या मालिक अश्तर यांना अलींनी लिहिलेले प्रदीर्घ पत्र नहजुल बलागा या ग्रंथात आहे. प्रजेतला माणूस एकतर धर्माने तुमचा भाऊ आहे किंवा निर्मितीने तुमच्यासारखाच आहे, म्हणून दोघांनाही सारखेच वागवा, असा त्याचा आशय. काझींना इतका पगार द्या की त्यांना कोणापुढे हात पसरावा लागू नये, असेही त्यात बजावले आहे.

एकोणीस रमजान

नहरवानच्या लढाईत कायदा पाळला गेला, तरी मागे विधवा आणि पोरकी मुले उरलीच. कुफ्यात कताम नावाची एक तरुणी होती. तिचे वडील आणि भाऊ नहरवानला पडले होते. अब्दुर्रहमान इब्न मुल्जिम या खारिजीने तिला मागणी घातली तेव्हा तिने मेहेर म्हणून अलींचा जीव मागितला, असे इतिहासकार सांगतात. तिचे दुःख खोटे नव्हते. पण बाप-भाऊ गमावलेल्या बाईच्या दुःखाची किंमत आता दुसऱ्या घरातल्या मुलामुलींनी मोजायची होती.

कट तिघांचा होता. एकाच वेळी अली, मुआविया आणि इजिप्तचे अम्र बिन आस यांना संपवायचे. मुआविया जखमी होऊन वाचले. अम्र त्या पहाटे आजारी असल्यामुळे नमाजला गेलेच नाहीत, त्यांच्या जागी गेलेला खारिजा नावाचा अधिकारी विनाकारण मारला गेला. इब्न मुल्जिमची विषारी तलवार मात्र बरोबर अलींच्या डोक्यावर पडली. या माणसाबद्दल अलींना आधी सावध केले गेले होते, असे रिवायतींत येते. पण ज्याने अजून गुन्हा केलेला नाही त्याला शिक्षा कशी द्यायची, म्हणून त्यांनी त्याला मोकळेच ठेवले होते.

पकडलेल्या मारेकऱ्याला समोर आणले तेव्हा अलींनी घरच्यांना दिलेल्या सूचना स्पष्ट होत्या. त्याला नीट खायला-प्यायला द्या. मी जगलो तर माफ करायचे की बदला घ्यायचा ते माझे मी पाहीन. मी मेलो तर त्याने एक वार केला आहे, त्याच्यावरही एकच वार. हातपाय तोडायचे नाहीत, देहाची विटंबना करायची नाही. आणि खलिफा मारला गेला असे ओरडत माझ्या कुळाने मुसलमानांच्या रक्ताचे पाट वाहवायचे नाहीत, मारेकऱ्याखेरीज कोणालाही मारायचे नाही. पुत्रांना त्यांनी जालिमाचे विरोधक आणि मजलूमाचे मदतगार व्हायला सांगितले.

अलींच्या मृत्यूनंतर इब्न मुल्जिमला देहदंड झाला. लोकांनी नंतर त्याचे प्रेत जाळल्याचेही जुन्या नोंदींत येते. तसे असेल तर शेवटच्या इच्छेचा तेवढा भाग संतापलेल्या लोकांनी पाळला नाही. पण त्याच्या कबिल्यावर हल्ला झाला नाही आणि कुफ्यात सूडाची लाट उठली नाही.

आपल्यासाठी

बंडखोरांशी राज्याने कसे वागावे याचा इस्लामी कायदा पुढे फकीहांनी बांधला, तेव्हा त्यांच्यापुढे मुख्य आधार अलींच्या वर्तनाचाच होता. इमाम शाफई यांच्यासारख्यांनी जमल आणि नहरवानच्या याच आदेशांवरून नियम काढले. देशांतर्गत संघर्षातही जखमींना आणि शस्त्र खाली ठेवलेल्यांना माणुसकीने वागवा, तसेच एकाच्या गुन्ह्यासाठी समूहाला शिक्षा करू नका, हे जगाने १९४९ च्या जिनिव्हा करारांत लिहून घेतले. लिहिले म्हणून ते पाळले जाते असे नाही, हे रोजचे वर्तमानपत्र सांगतेच.

आपल्या गावात काही बरेवाईट घडले की आपण आधी आरोपीचे आडनाव विचारतो. आडनाव कळले की गुन्हा त्या सगळ्या आळीचा होतो आणि आपल्यातला कोणी बळी पडला असेल तर आपल्या माणसांना सगळे माफ होते. हा दोष कोणत्या एका धर्माचा नाही, तो आपल्या सर्वांत आहे. कोणा समूहाविषयीच्या वैरापायी न्याय सोडू नका, अशी आज्ञा कुरआनच्या पाचव्या सूरेत आहे. ती पाळायला सर्वांत कठीण वेळ म्हणजे आपणच जखमी झालो असू ती. हजरत अलींनी ती मरणशय्येवर पाळली. या दहा रात्रींत दुआसाठी हात उठतील तेव्हा आपल्या माणसांच्या सुखाबरोबर आणखी एवढेच मागावे, की रागाच्या क्षणीही आपल्याकडून गुन्हेगार सोडून दुसऱ्या कोणाच्या दारावर दगड पडू नये.